कवड्या की मण्यार

कवड्या आणि मण्यार यांतला फरक मी वर्गात पाच मिनिटांत शिकवायची. मुलुंडच्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायला लागून मला दोनच वर्षं झाली होती, आणि आपल्याला फार येतं असा भलताच तोरा होता. शाळेच्या कपाटात स्पिरिटच्या बरण्या होत्या. जाड मानेची घोणस, वेटोळं घातलेलं फुरसं आणि शेवटच्या दोन बरण्यांत हे दोघे. दोघंही काळे, दोघांच्या अंगावर पांढरे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपाशीच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलटं असतं. डोक्याकडे अंग बहुतेक कोरं, पुढे पट्टे जोडीजोडीने ठळक होत जातात, आणि पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते. कवड्या भिंतीच्या फटीत राहतो, पाली खातो, त्याला विष नाही. मण्यार विटांच्या ढिगात नाहीतर बिळात राहते, आणि चावली तरी मुंगी चावल्याइतकंही जाणवत नाही.

आमच्या चाळीत सापांना तोटा नव्हता. मागे शेतं, त्यापलीकडे डोंगर. पावसाळ्यात धामण ओट्यावरून निघून जायची, हरणटोळ गेटावर लोंबायचा. आई सापाला साप म्हणायची नाही, जनावर म्हणायची. मी तिला सापांची नावं सांगायला लागले की ती पदराने तोंड पुसत म्हणायची, तुझ्या मास्तरकीला आग लागो, कणीक मळ.

त्या वर्षी नागपंचमीला सकाळी मी लाह्या आणि दूध आणायला बाजारात गेले. वडील विक्रोळीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेले होते. आईने आदल्या दिवशी मामासाठी चतुर्थीचा उपास धरला होता, रात्रभर तिला नीट झोप नव्हती. पंचमीला आमच्याकडे काही कापायचं नाही, तवा चढवायचा नाही, म्हणून ती हळदीच्या पानात उकडायच्या पातोळ्यांचं पीठ आदल्या दिवशीच तयार करून बसली होती. मला दुकानात रांग लागली. परत यायला तासभर तरी गेला असेल, साडेसात वाजले होते.

आले तर चाळीच्या मागे धूर. शेजारचे काका, गिरणीतून निवृत्त झालेले मालवणचे गृहस्थ, हात जोडून उभे. बायका गोळा झालेल्या. कळलं ते असं: आई अंथरूण गुंडाळत होती, गोधडीतून जनावर निघालं. तिने आरडाओरड केली, काका काठी घेऊन धावले आणि पहिल्याच घावात ते मेलं. तेव्हा कुठे आईने बोट पाहिलं. पहाटे करंगळीला काहीतरी टोचलं होतं, तिला वाटलं चिचुंद्री. दोन बारीक ठिपके होते, सूज मुळीच नव्हती.

मी विचारलं, साप कुठाय. काकांनी धुराकडे बोट केलं.

"पंचमीच्या दिवशी जनावर मारलंय गो बाय," ते म्हणाले. "तसाच कसा टाकू? पोराबाळांका बाधतला."

आमच्याकडे नागाला अग्नी देतात, हे मला माहीत होतं. पण हा नाग नव्हता, कुणालाही ते दिसत होतं. तरी पंचमीला हातून जीव गेला म्हणून काकांनी चंदनाचा तुकडा, तूप, तोंडात तांब्याचा पैसा असं सगळं यथासांग केलं होतं. लाकडं ओली म्हणून वर घासलेट ओतलं. मी काठीने राख उकरली. काळा पडलेला पैसा सापडला आणि मणके सापडले. खवला एकही नाही. मी काकांवर ओरडले, काय बोलले ते आज आठवत नाही. त्यांनी मान खाली घातली एवढं आठवतं.

मग मी प्रत्येकाला विचारत सुटले. पट्टे कुठून सुरू होत होते? एक बाई म्हणाली, मानेपासून. दुसरी म्हणाली, शेपटीकडे. काका म्हणाले, पट्टे होते खरे, पण आपण डोकं तेवढं बघितलं, नेम धरायचा होता. बघितलं ते सगळ्यांनी, आणि लक्षात कुणाच्याच नव्हतं.

नाक्यावरचे डॉक्टर घरी आले. त्यांनी आईचं बोट धुतलं, नाडी पाहिली. लस त्यांच्याकडे नव्हती, परळला मिळणार होती. घोड्याच्या रक्तापासून केलेली ती लस कुणाकुणाला सोसत नाही, बिनविषारी सापावर देणं म्हणजे उगाच धोका, असं ते म्हणाले. नाग आणि घोणस नाहीत, कारण सूज नाही. मग माझ्याकडे वळले. तुम्ही शास्त्र शिकवता ना, तुम्हाला काय वाटतं?

मला जे व्हायला हवं होतं तेच वाटलं. घरातला साप, गोधडीतला, बाईने सांगितलं मानेपासून पट्टे. चाळीची डागडुजी चालली होती आणि आमच्याच भिंतीला लागून विटांचा ढीग होता, तो मी रोज ओलांडत होते. त्या क्षणी तो मला आठवला नाही. मी म्हणाले, कवड्या असावा.

डॉक्टर म्हणाले, मग बघू, पापण्या जड व्हायला लागल्या तर लगेच कळवा.

मी आईसमोर बसले आणि तिच्या पापण्या बघत राहिले. उपासाने आणि जागरणाने ती आधीच पेंगत होती. डोळे मिटले की मी तिला हलवायची, ती चिडायची, झोपू दे की गो. झोपेने मिटतायत की विषाने, हे कसं ओळखायचं ते कुठल्याच बरणीवर लिहिलेलं नव्हतं. दूध पातेल्यात तसंच होतं, पाटावर हळदीने काढलेला नाग तसाच. मी इतकी असहाय कधीच नव्हते, त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही.

अकराच्या सुमारास तिने डोळे चोळले. माझ्याकडे बघत राहिली.

"तू दोन दोन कशी दिसतस गो?"

तेव्हा मला कळलं. तबेल्यातून दुधाचे कॅन नेणारी लॉरी काकांनीच थांबवली, आईला उचलून तेच चढले, मागोमाग मी. भांडुप येईपर्यंत ती बोलत होती, पातोळ्यांचं पीठ आंबेल म्हणाली. पुढे जीभ जड झाली. शीव ओलांडलं तेव्हा श्वास तुटक येत होता, आणि परळ यायच्या आधी तो थांबला. काका तिच्या पायांशी बसले होते.

वडिलांनी मला किंवा काकांना दोष दिला नाही. मी मात्र वर्षभर काकांशी एक शब्द बोलले नाही. ओट्यावर दिसले की दार लावून घ्यायची. राग त्यांचा होता की माझा, ते वेगळं करून बघायची माझी तयारी नव्हती.

पुढच्या पंचमीला ते दाराशी आले. वाळले होते फार. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"एक विचारूचा होता," ते म्हणाले. "मी जाळूक नसतंय, तर तुका वळाखता इला असता?"

मी डोळे मिटूनसुद्धा ओळखला असता. पाठीवरून बोट फिरवलं असतं, खवल्यांची ती रांग बोटाला लागली असती. नवाच्या आत आई परळला पोचली असती.

"नाही काका," मी म्हणाले. "दोन्ही अगदी सारखे दिसतात."

त्यांनी दाराबाहेर काढलेली चप्पल पायात घातली आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात तोच धडा होता. मी दोन्ही बरण्या टेबलावर ठेवल्या आणि मुलींना जवळ येऊन नीट बघायला सांगितलं.