सरांनी बदललेला शेवट

सर गेल्याची बातमी कॉलेजच्या ग्रुपवर आली, तेव्हा मी जळगावात पत्रकं वाटत होते. बघता बघता मोबाइलभर जोडलेले हात आले. मी जोडले नाहीत. काही आठवडे उलटले, अजूनही जोडलेले नाहीत. शोकसभेत म्हणे सगळे बोलले, सरांनी निर्भीड लिहिणारी मुलं घडवली. घडवली, खरंय. पण निर्भीड?

धुळ्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला सर आम्हाला कथनात्मक निबंध शिकवायचे. मी वसतिगृहातल्या पाण्यावर लिहून नेलं. वरच्या मजल्यावर नळ कोरडा, खालून बादल्या वाहायच्या, आणि परीक्षेच्या तोंडावर माझ्या खोलीतली सरला, धरणगावची, भरल्या बादलीसकट जिन्यात पडली. हात मोडला. माझं पहिलंच वाक्य होतं, ‘पाणी हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे.’ सरांनी ते भर वर्गात खोडलं. “काय पुढारी, हा निबंध आहे की मोर्चा? हक्क नंतर. आधी बादली दाखव. पडल्यावर ती काय म्हणाली?” मी चिडले, पण पुन्हा पुन्हा लिहिलं. सरला जिन्यात पडल्या पडल्या म्हणाली होती, “बादली फुटनी का वं?” ते घातलं आणि वाचून दाखवलं, तेव्हा सरांनी निबंध वार्षिक अंकासाठी मागून घेतला. शेवटाला उपदेश चिकटवू नका, घडायचं थांबलं की थांबा, हेही त्यांचंच. आज माझं पत्रक लोक रस्त्यात उभं राहून वाचतात ते या माणसामुळे. हे लिहितानाही मला रागच येतोय.

कारण वार्षिक अंकात निबंध छापून आला, तेव्हा शेवट माझा नव्हता. ‘प्राचार्यांनी तातडीने लक्ष घातले आणि दुसऱ्याच दिवशी नळाला पाणी आले. आम्ही सर्व विद्यार्थिनी त्यांच्या ऋणी आहोत.’ वर माझं नाव. तोवर सरलाचं प्लास्टर निघालं होतं, हात थोडा वाकडा राहिला होता. त्याच हातात अंक धरून ती म्हणाली, “काय वं, तुना निबंधमा पानी येस, आमना नळमा नही.” खोलीतल्या सगळ्या हसल्या. ती हसली नाही. पुढं माझ्याशी नीट बोललीही नाही.

सर आजारी आहेत कळल्यावर मी धुळ्यात, देवपूरला त्यांच्या घरी गेले. विचारपूस करायला नाही, भांडायला.

“शेवट कोणी बदलला, सर?”

“मीच. नाहीतर निबंधच गाळला असता प्राचार्यांनी, बेटा.”

“गाळू द्यायचा! माझ्या नावावर खोटं का खपवलंत? दोन ओळी लिहून द्या, हा शेवट हिचा नाही म्हणून. सरलाला दाखवेन.”

“जाऊ दे गं. आता कोण वाचतं ते? पण तुझी बादली... अजून डोळ्यांसमोर आहे.”

मी चहा तसाच ठेवून उठले.

त्या दोन ओळी त्यांनी दिल्याच नाहीत. आता मागायचं कुणाकडे? सरला, मी लिहिलेला शेवट असा होता.

प्राचार्य खोलीत आले. सरलाकडे बघून त्यांनी विचारलं, “कुठला मोडला, डावा की उजवा?”

“डावा शे, सर.”

“मग पेपर लिहिता येईल,” ते म्हणाले आणि जिन्यातलं पाणी चुकवत उतरून गेले.

संध्याकाळी सरलाने उजव्या हातात बादली घेतली.