पेशकारकाकांची इंग्रजी

दोन इंग्रजी शब्द सारखे वाटले की पेशकारकाका आमच्या दारात यायचे. "वहिनी, वाटीभर पीठ द्या." आईनं वाटी दिली की म्हणायचे, "तुमी दिलं ते लेंड, मी घेतलं ते बॉरो. पीठ एकच, पण इंग्रजाले दोन शब्द लागते!" आणि वाटी तशीच परत द्यायचे.

आई हसायची. "मंग भाकर काऊन नाही करत त्याची?"

काका आमच्या बोथ गावच्या कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवायचे. सारा जन्म उर्दूत लिहिण्यात गेला. निजामशाही गेली आणि कचेरीत इंग्रजी आली. आदिलाबादला परीक्षा होती. नापास होईल त्याची नोकरी जाणार होती. घरात काकू आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई.

मी चौथीनंतर घरीच. कोणाशी बोलत नसे, दाराआडून ऐकत असे. अ‍ॅडव्हाइस म्हणजे सल्ला, अ‍ॅडव्हाइज म्हणजे सल्ला देणं. "नाम ओट्यावर बसून राह्यते, क्रियापद कामाले जाते," काका सांगायचे. एकदा ते लुक, सी आणि वॉचवर अडले. तिन्ही पाहणंच. माझ्या तोंडून निघून गेलं, "चुलीवरच्या दुधाकडं आमी पाहत बसतो, ते कोणतं?"

काका उठूनच उभे राहिले. "वॉच! पोरी, तेच वॉच!"

परीक्षेहून मात्र उतरलेल्या तोंडानं आले. उत्तरं सगळी येत होती, पण हाताची सवय गेली नव्हती. उर्दूसारखी वही मागच्या पानापासून लिहून काढली होती. "साहेब पहिलं पान पाहीन, कोरं दिसन, नि वही फेकून देईन."

काकू म्हणाल्या, "फेकली तं उलटी पडन. मंग दिसन."

कशी दिसली कोण जाणे, पण काका पास झाले. आळीभर साखर वाटली. मी देवापुढं दिवा लावला.

पुढं राज्याचे तुकडे झाले, बोथ आंध्रात गेलं. मराठी नोकरदारांना नांदेडकडं दिलं, त्यांत काकाही. नोकरी राहिली म्हणूनच त्यांना जावं लागलं. दिवा लावताना हे मला कुठं ठाऊक होतं?

सामान मोटारीवर चढलं. काका म्हणाले, "पोरी, विचारत जाय. लाजत विचार, पण विचार."

मी विचारलं, "काका, परत कवा येता?"

"ह्याचं उत्तर मले येत नाही," काका म्हणाले, आणि मोटारीत जाऊन बसले.