सुनंदक्कांची स्कूटर आणि जादा गॅरंटी

खंडेनवमीच्या सकाळी श्रीधररावांनी कोहळा फोडला तो इतक्या भक्तिभावानं, की बसवनगुडीतल्या त्या गल्लीच्या अर्ध्या रस्त्यावर त्याचा गर पसरला. गाडीवरून कोहळा ओवाळून फोडला की गाडीची दृष्ट उतरते, हे बंगलोरातल्या कुठल्याही गाडीवाल्याला ठाऊक असतं. फोडल्यावर तो लगेच बाजूला करायचा असतो, हेही ठाऊक असतं. श्रीधररावांचा अभ्यास पहिल्या भागापर्यंतच झाला होता.

स्कूटर होती शेजारच्या सुनंदक्कांची. कोरी करकरीत, पिस्त्याच्या रंगाची, हँडलला झेंडूचा हार आणि दोन्ही बाजूंना केळीची रोपं बांधलेली. अक्कांनी पदर खोचला, किक मारली, चाकांखालची लिंबं रीतीप्रमाणे चिरडली, आणि पुढच्याच क्षणी कोहळ्याच्या गरावरून अशा घसरल्या की स्कूटर समोरच्या नागोजी शिंप्याच्या कट्ट्यावर आदळली आणि अक्का त्याच कट्ट्यावर, पाहुण्या आल्यासारख्या, बसत्या झाल्या.

"लागलं का हो अक्का?" हातात नारळ घेऊन श्रीधरराव धावले.

"मला काय होतंय? बॅग बघा आधी. नाळ कापायची कात्री हाय त्यात."

बॅग शाबूत होती. क्लचची दांडी मात्र मोडली होती आणि मडगार्डला चांगला खळगा पडला होता. श्रीधररावांच्या पत्नी तुंगाबाई दारातून सगळं बघत होत्या.

"उतरली दृष्ट," त्या म्हणाल्या. "आता तो नारळ तेवढा घरात आणून ठेवा. फोडू नका."

सुनंदक्का म्हणजे सरकारी प्रसूतिगृहातल्या नर्सबाई. मूळच्या निपाणीकडच्या. ऐन तारुण्यात नवरा गेला तेव्हा माहेरी परत न जाता त्यांनी सुईणपणाचं शिक्षण घेतलं, बंगलोरला आल्या आणि इथल्याच झाल्या. प्रसूतिगृहातली ड्यूटी संपली की त्यांची खरी ड्यूटी सुरू व्हायची. गवीपुरम, हनुमंतनगर, चामराजपेट, कुठूनही बोलावणं आलं की अक्का निघाल्या. वर्षानुवर्षं त्या पायी गेल्या, जटक्यातून गेल्या, मग सायकलवरून गेल्या. हनुमंतनगरच्या चढावर घोडा अडला की अक्का खाली उतरून चालू लागत, आणि घोडा लाजून मागोमाग येई, असं देवाप्पा जटकेवाला स्वतःच सांगायचा.

अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून भरलेल्या. बाळंतिणीशी बोलताना मात्र तो आवाज कुठं जायचा कोण जाणे. घरातल्या घाबरलेल्या पुरुषांना त्या आधी कामाला लावत. एका घरी त्यांनी एका निवृत्त हेडमास्तरांना विहिरीचं पाणी शेंदायला बसवलं होतं. नातू झाला, त्याला न्हाऊ घातलं, पेढे वाटून झाले, तरी हेडमास्तर शेंदतच होते. थांबा म्हणून सांगायचं सगळेच विसरले होते.

अशा अक्कांनी वयाच्या पन्नाशीत स्कूटर घ्यायचं ठरवलं. तेव्हा स्कूटर पैसे टाकले की मिळायची नाही; नाव नोंदवून वाट बघत बसावं लागे. अक्कांनी नाव नोंदवलं तेव्हा त्यांचे केस काळे होते. स्कूटर आली तेव्हा केसांनी वाट बघणं सोडून दिलं होतं. जन्माची सगळी शिल्लक त्या पिस्त्याच्या रंगात गेली, आणि निवृत्तीही काही फार लांब नव्हती.

म्हणूनच श्रीधररावांचा जीव टांगणीला लागला. ते विम्याच्या कचेरीत होते. जगातली प्रत्येक वस्तू आज ना उद्या मोडणार, या श्रद्धेवर त्यांचं घर चाललं होतं. त्यात पहिलीच मोडतोड त्यांच्या हातून झालेली. त्यांनी शिवाजीनगरच्या स्कूटरच्या दुकानात चौकशी केली आणि आनंदानं परत आले.

"अक्का, कंपनीची गॅरंटी थोड्याच महिन्यांत संपते. पण दुकानाची जादा गॅरंटी आहे. पुढची दोन वर्षं इंजिनाला काहीही झालं तरी दुकान बघून घेईल. आत्ताच घ्यावी लागते, नंतर देत नाहीत. खर्च माझा. कोहळा माझा होता."

"खर्चाचं ऱ्हाऊ द्या," अक्का म्हणाल्या. "घ्यायची का नको, ते ठरवू या की आधी."

ठरवणं सोपं नव्हतं, हे अक्कांनाही कळत होतं. उद्या इंजिनानं मान टाकली तर ते दुरुस्त करायची ऐपत त्यांच्याकडे उरली नव्हती. स्कूटर गेली की लांबची घरं गेली. लांबच्या घरांनीच तर त्यांना जास्त बोलावलं होतं. श्रीधररावांना त्यांनी उडवून लावलं नाही. उलट एका सकाळी क्लचची दांडी सुतळीनं बांधून, त्यांना मागं बसवून, त्या शिवाजीनगरला गेल्या. श्रीधरराव वाटभर डोळे मिटून होते. कशाकशाचा विमा उतरवता येतो याची उजळणी चालली असावी.

दुकानाचा मॅनेजर रघुपती हा मोठा अदबशीर तरुण होता. त्यानं कन्नडमध्ये सगळं समजावून सांगितलं. गॅरंटी पक्की. फक्त दर महिन्याला ठरलेल्या मंगळवारी गाडी सकाळी वर्कशॉपमध्ये आणून सोडायची आणि दुसऱ्या दिवशी न्यायची. एक मंगळवार चुकला की गॅरंटी रद्द.

"आणि त्या मंगळवारी कुणाच्या घरी कळा सुरू झाल्या तर?" अक्कांनी विचारलं.

रघुपतीचं अजून लग्न व्हायचं होतं. तो कानापर्यंत लाल झाला. "आधी कळवलंत तर दिवस बदलून देऊ, अक्का."

"सरी, बरं हाय. पोटातल्या पोराला सांगून ठेवते, आधी कळव म्हणून."

श्रीधरराव मध्ये पडले. "अहो अक्का, महिन्यातला एक तर दिवस. तेवढ्यासाठी दोन वर्षांची शांत झोप मिळतेय."

"झोप तुम्हाला मिळतेय," अक्का म्हणाल्या. पण स्कूटरच्या सीटवरून त्यांनी एकदा हात फिरवला. मग म्हणाल्या, "एक मंगळवार देऊन बघते. क्लच तसाबी दुरुस्त करायचाच हाय. मग सांगते स्वल्प विचार करून."

त्या मंगळवारी स्कूटर शिवाजीनगरला सोडून अक्का बसनं घरी आल्या. श्रीधरराव सर्दीची रजा काढून घरीच होते. दुपारी अक्का आमटीला फोडणी देत असताना हनुमंतनगरचा बसवंत धापा टाकत दारात आला. त्याच्या बायकोला, यल्लव्वाला, दिवस भरायच्या आतच कळा सुरू झाल्या होत्या.

बस नुकतीच गेली होती. देवाप्पाचा जटका लग्नाच्या भाड्याला गेला होता. अक्कांनी चूल विझवली, बॅग उचलली आणि चालू लागल्या. बसवंतला त्यांनी पुढं पिटाळलं. श्रीधररावांनी बॅग आपल्याकडे घेतली आणि सर्दीसकट मागं निघाले. चढावरही अक्कांचा वेग कमी झाला नाही. अर्धं चालत, अर्धं पळत, पांढऱ्या लुगड्याचा घोळ हातात धरून त्या अशा जात होत्या की निम्म्या वयाच्या माणसालाही गाठता आलं नसतं. दुप्पट वयाचे असल्यासारखे श्रीधरराव मागं धडपडत होते. गांधी बझारच्या फूलवाल्या उठून वाट देत होत्या. एकीनं विचारलं, "कुणाचं, अक्का?" अक्कांनी नुसता हात वर केला.

त्या पोचल्या तेव्हा मूल झालं होतं. शेजारच्या म्हाताऱ्या गंगव्वानं ते हातावर घेतलं होतं. पण घरातून रडण्याचा आवाज येत नव्हता. श्रीधररावांच्या हातातली बॅग हिसकून अक्का आत गेल्या. बाहेर बसवंत भिंतीला टेकून उभा होता. श्रीधररावांना त्याच्याशी काहीतरी बोलायचं होतं, पण त्यांच्या कचेरीत शिकवलेलं एकही वाक्य त्या दारात चालण्यासारखं नव्हतं. आतून अक्कांचा हलका आवाज येत होता, "ये बाळा, ये, ये की," जसं कुणी उंबऱ्यावर अडलेल्या पाहुण्याला बोलावतं.

मग आतून मांजराच्या पिल्लासारखं काहीतरी कुरकुरलं. आणि थोड्या वेळानं असा टाहो फुटला की समोरच्या घरातली दोन माणसं बाहेर आली.

अक्का सगळं आवरून पायरीवर येऊन बसल्या तेव्हा गंगव्वानं त्यांना कॉफी आणून दिली. अक्कांनी लोटा दोन्ही हातांत धरला, पण तोंडाला लावला नाही.

"पोरगी हाय," अक्का म्हणाल्या. "चिवट हाय. माझ्यासाठी थांबली." मग कॉफीकडे बघत म्हणाल्या, "सगळ्याच थांबत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी दोघं स्कूटर आणायला गेले. क्लच झकास झाला होता, मडगार्डचा खळगा ठोकून काढला होता. रघुपतीनं गॅरंटीचा कागद आणि पेन पुढं केलं. अक्कांनी कागद नीट घडी करून त्याच्याच हातात परत दिला.

"काम चांगलं केलंत, तम्मा. पण हे नको. गाडी बिघडायची त्या दिवशी बिघडेल, तिला काय करणार? पण चांगली असताना मी आपण होऊन तिला बांधून ठेवायची, आणि तिकडं कुणीतरी वाट बघायची, हे मला जमायचं न्हाई."

अक्कांची स्कूटर रघुपतीनं स्वतः ढकलत दुकानाबाहेर आणून दिली आणि रुमालानं सीट पुसली.

श्रीधररावांना सगळं पटलं होतं. काल त्या दारात उभं राहिल्यावर न पटून कसं चालेल? पण विम्याच्या कचेरीतला माणूस असा एका दिवसात मरत नाही. मागच्या सीटवर बसता बसता त्यांनी घसा साफ केला.

"अक्का, बरोबर केलंत. पण समजा, वर्षभरानं इंजिन कायमचं बसलं, गाठीला काही नसलं, आणि अशातच बोलावणं आलं, तर काय करणार?"

"चालत जाईन, बाळ काय माझी स्कूटर बघायला येत न्हाई."