पाठ टेकली म्हणून उचलला

चहा घ्या आधी. मग काय हसायचं ते हसा, पण माझ्यावर हसा. भाच्याला हसायचं नाही.

माझं आयुष्य तालमीच्या लाल मातीत गेलं. शाळा चौथीपर्यंत. पण कुस्तीच्या मैदानात पंच म्हणून माझा शब्द कुणी मोडला नाही. पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. पडलेल्या गड्याला हात देऊन उठवायचं आणि बाहेर न्यायचं. एवढं मला पक्कं ठाऊक.

भाचा सर्जेराव, गारगोटीचा. मनगट म्हणाल तर उसाच्या बुडख्यासारखं. मी त्याला पैलवान करणार होतो, त्यानं बेसबॉल धरला. बॅट मुसळासारखी गोल, टोला हाणायचा आणि चौकोनाच्या कोपऱ्यांवरच्या गाद्यांना, म्हणजे बेसना, पाय लावत पळायचं. राज्याच्या संघात गेला. काय टोला होता त्याचा! चेंडू मैदानात राहतच नसे.

कोल्हापुरात सामना होता. एका दिग्दर्शकाला सिनेमासाठी असा गडी हवा होता, तो बघायला आलेला. सर्जेराव म्हणाला, "मामा, आज जमलं तर सिनेमात काम मिळतंय. तुमी आमच्याच बाकावर बसा." मी फेटा बांधून बसलो.

पहिलाच टोला कंपाउंडबाहेर रस्त्यावर. माझी छाती फुगली.

शेवटच्या डावात पुन्हा सर्जेराव. टोला भिंतीवर आदळला. गडी वळूसारखा पळाला, दोन बेस मागं टाकले. तिसऱ्यावर चेंडू येतोय म्हटल्यावर त्यानं अंग झोकून दिलं आणि घसरत जाऊन बेसला पाय लावला. धुरळा खाली बसला. मला काय दिसलं? पाठ मातीला!

कुणी अडवायच्या आत मी मैदानात.

"सर्ज्या, पाठ लागली. ऊठ. हरल्यावर लोळत पडायचं न्हाई."

"मामा, सोडा! हरलो न्हाई मी. पाय बेसवर हाय."

"पाय कशाला सांगतोस? पाठ कुठं हाय बघ."

मनगट धरलं आणि उचलला की! या वयातही उचलला. पाय बेसवरून सुटला. पलीकडच्या पोरानं त्याला चेंडू टेकवला. बाकावरच्या माणसानं पळणाऱ्याला हात लावायचा नसतो म्हणे. पंचानं बाद दिला. तोच शेवटचा गडी, सामना गेला.

वर मीच संघाला बजावलं, "पंचाचा निकाल मानायचा."

मग एकानं मला खेळ समजावून सांगितला: पाठ लागली तरी चालते, पाय बेसवर असला की गडी वाचतो. मी फेटा उतरवला आणि दिग्दर्शकासमोर जाऊन उभा राहिलो. आयुष्यात कुणापुढं हात जोडले नव्हते, ते जोडले. "पावणं, चूक माझी हाय. पोराचं काम घालवू नका."

तो डोळे पुसत होता. हसून हसून. म्हणाला, "टोला बघितला, आपटणं बघितलं. मामासुद्धा बघितले. गडी घेतला."

पुढं सर्जेराव सिनेमात आला, मालिकांत आला. कधी फौजदार, कधी खलनायकाचा उजवा हात. आणि मैदानातला टोला तसाच, वर्षानुवर्षं. मी त्याचं एकही काम बघायचं चुकवलं नाही. थिएटरात नायक त्याला उताणा पाडतो तेव्हा सगळी तालीम पडदा सोडून माझ्याकडं बघते. मी हात मांडीखाली दाबून बसतो.

परवा टीव्हीवर त्याची मुलाखत. पोरं घरात जमलेली, मी मधोमध. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "एवढ्या वर्षांत मैदानात तुम्हाला सगळ्यात भारी कोण पडलं?"

सर्जेराव गालात हसला.

"समोरच्या संघात कुणी न्हाई. आमचे मामा. आमच्याच बाकावर बसले होते."