साडूंची कोमट बरणी

माझ्या थोरल्या साडूंइतका प्रेमळ आणि तरीही अंगावर काटा आणणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडायचा नाही. फार्मसी कॉलेजातून निवृत्त झाले आणि मंठ्याच्या घरी मागच्या खोलीत त्यांनी प्रयोगशाळा थाटली. लोक निवृत्तीनंतर गुलाब लावतात. हे खाटकाकडून शेळीचं कातडं आणून काचेच्या बरणीच्या तोंडावर ताणून बसवायचे. कातड्यावर हृदयाच्या औषधाचा लेप, खाली मिठाचं पाणी. किती औषध पार उतरतं ते मोजत बसायचे. "गोळी म्हंजे आपली एसटी. जालन्याला पोचेस्तोवर निम्मी माणसं मधीच उतरलेली," म्हणायचे. पाणी जित्या माणसाच्या अंगाइतकं कोमट ठेवलेलं. मी एकदा बरणीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

धडपड सगळी आक्कांसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी. हृदय थकलेलं आणि गोळी पोटात राहायची नाही, लगेच उलटी. औषध कातडीतून गेलं तर त्या तगतील, एवढीच साडूंची आशा. पाणी ढवळायला बरणीखाली विजेचं यंत्र; त्यावर बरणीतली चुंबकाची कांडी फिरे आणि काचेला लागून टक् टक् वाजे. साडू रोज सकाळी आक्कांची नाडी बघून यंत्र त्याच ठोक्यावर लावायचे. "तिच्या अंगात रगत जसं फिरून राह्यलंय, बराबर तसंच पाणी फिराया पाहिजे." आक्कांना धाप लागली की मागची टक् टकही अडखळते, असं मला वाटायचं. यंत्राला कोण कळवणार, म्हणून मी कुणाला बोललो नाही.

"आता लावा की आक्कांना," मी एकदा चिडवलं.

"न तपासलेलं? तिच्या अंगाला? बिलकुल न्हाई."

"मेल्यावर लावा मंग," आक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या. आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

लेप तयार व्हायच्या आधीच आक्का गेल्या. तेराव्याच्या दुपारी मागच्या खोलीतून टक् टक् ऐकू आली, म्हणून आत गेलो. बरणीवर ना कातडं, ना लेप. नुसतं कोमट पाणी फिरत होतं, आक्कांच्या शेवटच्या सकाळच्या ठोक्यावर.

"बंद कराया गेल्तो," साडू म्हणाले. "बटन दाबवंना."

तेवढ्यात लाईट गेली. साडूंनी काचेची कांडी उचलली आणि घड्याळ न बघता पाणी ढवळू लागले. तोच ठोका. मला भीती वाटली, आणि त्यांच्याविषयी फार मायाही. काही वेळाने त्यांचा हात मंदावला, तेव्हा मी कांडी घेतली आणि ढवळू लागलो.

पाणी गार होत चाललं होतं. साडू माझ्या हाताकडे बघत होते.

"जरा सावकाश," ते म्हणाले. "दमती ती."