न पाहिलेली वीस बाळंतपणं

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. सोलापुरात रोज संध्याकाळी माझ्या दवाखान्यात येऊन बसणाऱ्या मित्रांनाही नाही. तुम्हाला सांगतो आहे — का, ते मला नीट सांगता येणार नाही. पन्नाशी आली. स्वतःची किळस एकट्यानं किती दिवस गिळायची?

लोक मला विलायतेहून शिकून आलेला बाळंतपणाचा डॉक्टर म्हणून ओळखतात. ऐकलं की बरं वाटतं. अजूनही वाटतं — आणि त्याचीच जास्त शिसारी येते.

मी वैरागचा. वडिलांचं धान्याचं दुकान. इंग्रजी मी पुस्तकांतून शिकलो, आणि चांगलं शिकलो. बोटीनं स्कॉटलंडला वैद्यकी शिकायला गेलो तेव्हा माझं लिहिलेलं इंग्रजी तिथल्या मुलांपेक्षा सरस होतं. पण बोललेलं? वर्गात प्रोफेसर बोलत तेवढं कळे. रस्त्यावरचं कळत नसे. आणि शेवटच्या वर्षी आम्हाला रस्त्यावरच पाठवलं — गरीब वस्तीत घरोघरी जाऊन वीस बाळंतपणं करायची, प्रत्येकाचं टिपण वहीत लिहायचं, मग परीक्षेला बसायचं.

पहिल्या घरी मी गेलो. चौथा मजला, कोळशाचा धूर, खाटेवर ओरडणारी बाई. ती मला काहीतरी सांगत होती, पुन्हा पुन्हा, आणि मला एक अक्षर कळेना. शेजारणींपैकी एकीनं माझ्याकडे बोट दाखवून काही म्हटलं, तशा सगळ्या हसल्या. मी बॅग उचलली आणि जिना उतरलो. बाई ओरडतच होती. तिचं पुढे काय झालं? माहीत नाही. मी विचारलं नाही.

त्यानंतर मी एकाही घरी गेलो नाही. माझ्या वर्गात तिथलाच एक मुलगा होता — हातानं हुशार, लिहायचा कंटाळा. आमचं ठरलं. दोघांची बाळंतपणं त्यानं करायची, दोघांची टिपणं मी लिहायची. तो चहा पिता पिता दोन वाक्यं सांगे, मी त्यांची दोन पानं करी. डोकं खाली, पाठ डावीकडे, कळा नियमित. असं माझ्या वहीत वीस वेळा. एक टिपण तर प्रोफेसरांनी वर्गात वाचून दाखवलं. मी मान खाली घालून बसलो. लाज वाटत होती का? छे. अभिमान वाटत होता.

परत आलो, पाटी लावली. दोन महिन्यांतच एका आडत्याच्या सुनेसाठी बोलावणं आलं. पहिलंच बाळंतपण तिचं.

गंगव्वा आधीच तिथे होती. कुंभारी गावची सुईण, पन्नाशी उलटलेली. त्या घरातली दोन पिढ्यांची पोरं तिच्या हातावर आलेली. मला बघून तिनं पदर सावरला.

"सायेब, बाळ आडवं हाय. पानी गेलं न्हाय अजून, तवर मी भाईरनं फिरवते की."

मी पोटावर हात ठेवला. हाताखाली काय लागत होतं — डोकं, पाठ, की आणखी काही? मला कळलं नाही. खरंच कळलं नाही. घरातली माणसं दारात उभी राहून बघत होती. त्यांच्यासमोर एका सुईणीनं मला शिकवायचं? तोंडून आलं ते वीस वेळा लिहिलेलं वाक्य — डोकं खाली आहे. आधी इंग्रजीत बोललो, मग मराठीत. तिला म्हटलं, "तू बाहेर बस."

"बसते की. पर येकदा नीट चाचपून बघा, सायेब."

मी कळा वाढवायचं औषध दिलं. बाळ आडवं असताना ते द्यायचं नसतं. परीक्षेत मी तसं लिहिलंही होतं. दुपारी डोक्याऐवजी हात बाहेर आला — बाळाचा एक बारका, निळा हात. मी तसाच उभा. पुस्तकातलं पान डोळ्यांपुढे ओळीन् ओळ होतं, माझे हात हलेनात. शेवटी मीच दार उघडून तिला आत बोलावलं. तिनं आत हात घालून मेलेलं बाळ काढलं, आईचा जीव राखला. मी बघत होतो. आयुष्यात पाहिलेलं ते माझं पहिलं बाळंतपण.

तिसऱ्या दिवशी सुनेला ताप भरला, पाचव्या दिवशी ती गेली. शांता तिचं नाव. एकोणीस वर्षांची.

आडत्यानं विचारलं, "डॉक्टर, असं कसं झालं हो?" गंगव्वा भिंतीला टेकून उभी होती. आणि मी — हेच ते, जे मी कधी कुणाला सांगितलं नाही — मी म्हणालो, "सुईणीचे घाणेरडे हात आत गेले. दुसरं काय होणार?"

ताप तिच्या हातानं आला असेल, माझ्याही आला असेल. पण तिला आत हात घालावा लागला तो माझ्यामुळे. आडत्यानं तिला हाकललं. मग एकेका घरानं तिला बोलावणं सोडलं आणि मला बोलावलं. पुढे मी सुईणींच्या अस्वच्छतेवर भाषणं दिली. चांगली होत. शांतेची हकीकत मी दर वेळी सांगे, आणि बायका डोळे पुसत. बाळंतपण करायला मी नंतर शिकलो — पगारावर ठेवलेल्या नर्सबाईंचं चोरून बघून.

तीन वर्षांपूर्वी गंगव्वा दवाखान्यात आली. वाकलेली, सोबत दिवस भरलेली नात. मला वाटलं, आता ही सगळ्यांदेखत बोलणार.

"हिची सुटका तुमीच करा, सायेब," ती म्हणाली. "मी हात लावत न्हाय आता. माज्या ह्याच हातानं ती पोरगी गेली न्हवं?"

तिला ते खरं वाटत होतं. इतकी वर्षं. मला एकच वाक्य बोलायचं होतं. बाकावर पाच-सहा माणसं बसली होती. मी म्हणालो, "बरं केलंस, इकडे आणलीस ते."

नात सुखरूप सुटली. जाताना गंगव्वानं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय मागे घेतले नाहीत.

ती गेल्या महिन्यात वारली. ते खरं मानूनच.