गुरूचा चौथा चंद्र आणि पिंपळगावचा मांडव

सात जानेवारी २०१०. गुरूचे चंद्र दुर्बिणीतून पहिल्यांदा दिसले, त्याला या दिवशी चारशे वर्षं झाली. हा दिवस पिंपळगाव रेणुकाईलाच घालवायचा, हे मी दिवाळीतच ठरवलं होतं. तिथे माझे विज्ञानाचे कदम सर राहतात. चंद्र शोधणाऱ्या त्या इटालियन माणसाला ते ‘पादुआचा मास्तर’ म्हणत. गुरूचे चार चंद्र त्यांनी जन्मभर फळ्यावर काढले, पण स्वतः कधी पाहिले नाहीत. आता काचबिंदूनं त्यांचा एक डोळा गेलाय आणि दुसराही चाललाय. त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ हे मी मनातून काढूनच टाकलं. दुर्बीण घेऊन येतो, सगळ्या गावाला चंद्र दाखवू, असं शाळेला कळवलं.

जालन्याहून सकाळच्या एसटीनं भोकरदन गाठा, पुढे जीप मिळते. भोकरदनपर्यंत रस्ता बरा, नंतर कंबर सांभाळा. कंडक्टरला माझी दुर्बीण बोअरचा पाइप वाटली आणि ती टपावर टाका म्हणाला. मी हट्टानं मांडीवरच धरली. भोकरदनला उतरलो तेव्हा पाय बधिर झाले होते, पण पिठलं-भाकरी आणि ठेच्यानं जाग आणली.

गावात पोचतो तर शाळेच्या मैदानात मांडव! कार्यक्रम म्हटला की मांडव आलाच. वर कापड, कडेला हॅलोजन, टेबलावर नारळांची चळत. आकाश बघायला बोलावलेल्या गावानं आकाशच झाकून ठेवलं होतं. मला हसू आलं आणि रागही आला. कापड काढा म्हटलं, तर सरपंच म्हणाले की मग पाहुण्यांचा मान तो काय राहिला. अंधार पडला तरी सत्कार सुरूच. पाचवा नारळ झाला तेव्हा गुरू पश्चिमेला चांगलाच कलला होता. माझा जीव टांगणीला लागला.

तेवढ्यात व्यासपीठावरचे कदम सर उठले. अंगावरची शाल खुर्चीवर ठेवून काठी टेकत मांडवाबाहेर निघाले. त्यांच्यामागे शाळेची मुलं उठली, मग गाव उठलं. मीही दुर्बीण घेऊन धावलो. शेवटी सरपंचांनीच हॅलोजन बंद करायला लावला.

सर बराच वेळ डोळा लावून उभे होते.

“मला तीनच दिसून राह्यले. तू पाह्य आन् खरं सांग.”

मी पाहिलं. चार होते. चौथा गुरूच्या उजेडाला अगदी चिकटून होता. तीनच आहेत म्हणून टाकावं, असं फार वाटलं.

“चार आहेत, सर.”

“बराबर. पादुआच्या मास्तरला बी पहिल्या दिवशी तीनच दिसल्ते. चौथा तेरा तारखेला घावला. दुर्बीण इथंच ठिव. मी रोज पाहीन.”

रात्री तिथेच मुक्काम केला. जानेवारीत गेलात तर स्वेटर न्या आणि सकाळचा हुरडा चुकवू नका. मी रिकाम्या हातानं परतलो. चार वर्षं जपलेली दुर्बीण गेल्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेरा तारखेला सरांचा फोन आला. आजही तीनच दिसले, वहीत तीनच काढले म्हणाले. पुढे म्हणाले,

“पोरायनं मात्र चार काढले, जागा बी बराबर. मंग माझी वही त्यांयच्याकडं तपासायला देली. एका पोरीनं लाल पेननं चौथं टिंब देलं. म्या खाली सही केली.”